कॉट बेसिसच्या खोल्यांना लायसन्स लावाच

कॉट बेसिसला, म्हणजे खोलीऐवजी पलंगाच्या हिशोबानं भाड्यानं दिलेल्या जागांना, लायसन्स लावा असं नुसतं म्हटलं तरी दोन्हीकडचे लोक अंगावर येतात. घरमालक म्हणतात, आता एवढंच राहिलं होतं. पोरं म्हणतात, कसलं लायसन्स, शेवटी भाडं वाढणार आणि ते आमच्याच खिशातून जाणार. दोघांचंही काही खोटं नाहीये. तरीसुद्धा माझं मत असं आहे की पुण्यात दहा-दहा पोरं एका फ्लॅटमध्ये ठेवून पैसे कमावणाऱ्या जागेला लायसन्स लागलंच पाहिजे, फक्त ते जागेचं पाहिजे, कारण आपल्याकडे कुठलाही नियम करायचा म्हटलं की राहणाऱ्याची कागदपत्रं मागायची सवय आहे, जागा कशी आहे ते बघायची नाही.

पुण्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड हा सगळा पट्टा एमपीएससी-यूपीएससीच्या पोरापोरींवर चालतो. बीड, लातूर, परभणी, नांदेड, बुलढाणा, यवतमाळ, सगळीकडून येतात. अलका टॉकीजच्या चौकातून शास्त्री रोडला लागलात की विजेचे खांब, डीपी, झाडं, बंद दुकानांची शटर, जिथे चिकटवता येईल तिथे चिठ्ठ्या दिसतात, 'मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा, वायफाय, गरम पाणी'. कॉट म्हणजे अक्षरशः कॉट. लोखंडी पलंग, खाली बॅग, भिंतीत एक खिळा आणि कपाटातला एक कप्पा. भाडं खोलीचं नसतंच, पलंगाचं असतं. कर्वेनगर, धनकवडी, आंबेगावकडे इंजिनिअरिंगची पोरं, वाकड-हिंजवडी-विमाननगरकडे आयटीवाले, तिकडे त्यालाच पीजी म्हणतात आणि वर मेस, लाँड्री असं काय काय जोडून पैसे जास्त घेतात, पण आतला प्रकार तोच.

मध्यंतरी मावसभावासाठी जागा बघत फिरत होतो. पेठेतल्या एका जुन्या बिल्डिंगचा तिसरा मजला, टू बीएचके. हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन टाकून दोन खोल्या केलेल्या, एकूण अकरा कॉट. किचनच्या ओट्यावर दोन इंडक्शन आणि एक राइस कुकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर, बोर्डाची एक बाजू वितळून काळी झालेली. आत यायला-जायला एकच दार, दाराबाहेर चपलांचा रॅक, जिन्याखाली मीटरच्या पेट्यांना खेटून बाइक लावलेल्या. गॅलरीला ग्रिल आणि ग्रिलला कुलूप. मालकांना विचारलं, काका किल्ली कुठे असते? तर म्हणाले, "माझ्याकडे. पोरं तिथे सिगारेटी ओढतात म्हणून लावलंय." मालक राहतात बाणेरला. आणि याच काकांनी मावसभावाचं आधार, पॅन, दोन फोटो, वडिलांचा नंबर, क्लासची फी भरल्याची पावती सगळं मागितलं, ते का तर पोलिसांकडे द्यावं लागतं.

ते खरंही आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या असे आदेश पोलीस आयुक्तालयं काढत असतात आणि नाही दिली तर आदेश मोडला म्हणून मालकावर गुन्हा होतो, आधी आयपीसी १८८ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं २२३. म्हणजे परभणीहून आलेला पोरगा कोण आहे, कुठला आहे हे सरकारला माहीत पाहिजे. तो ज्या खोलीत झोपतो तिला किती दारं आहेत, वायरिंग कधीचं आहे, अकरा जणांत संडास किती, हे कुणी विचारत नाही, कारण ते विचारायचं काम कुणाचंच नाहीये. शेजारच्या गल्लीत कुणी दहा कॉटचं लॉज काढलं तर त्याला परवाने लागतात, रजिस्टर ठेवावं लागतं, कधीतरी कुणीतरी बघायला तरी येतं. एका रात्रीसाठी झोपणाऱ्या माणसासाठी एवढं, आणि तीन-चार वर्षं झोपणाऱ्यासाठी काही नाही!

कुणी म्हणेल भाडे कायदा आहे ना. आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर करणं ही मालकाची जबाबदारी आहे, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता हिशोब करा. समजा कॉटचं भाडं तीन हजार. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशनची फी एक हजार, वर स्टॅम्प ड्युटी, वर एजंटाचे पैसे, म्हणजे अर्ध्या-पाऊण महिन्याचं भाडं एका करारावर गेलं, आणि पोरं तर सहा महिन्यांत कॉट बदलतात. कुणीच करत नाही. बरं त्या कायद्यात पेइंग गेस्टची व्याख्या आहे ती अशी की मालक स्वतः ज्या घरात राहतो त्या घराचा भाग दिला तर तो पेइंग गेस्ट. आणि लायसन्सी म्हणजे असा करार करून राहणारा, त्याच्या व्याख्येतून पेइंग गेस्टला बाहेर काढलंय, हॉस्टेल-लॉजमधल्या खोल्याही बाहेर. हे त्या काळी बरोबर होतं, जेव्हा पेठेतल्या काकू माजघरात दोन मुली ठेवायच्या आणि सकाळी चहाही द्यायच्या. आज मालक बाणेरला नाहीतर अमेरिकेत बे एरियात, फ्लॅट चालवायला मध्ये एक 'केअरटेकर', तोही बऱ्याचदा तिथलाच जुना विद्यार्थी ज्याचं भाडं त्या बदल्यात माफ. हा माणूस कायद्यात कुठेच बसत नाही. आणि करार झालाच तरी त्यात खोलीबद्दल काही नसतं, पंखे किती आणि ट्यूब किती एवढंच.

हे जगात इतरांनी कसं सोडवलं ते बघितलं तर ब्रिटनचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे, लेस्टर, कॉव्हेंट्री, ईस्ट लंडनला शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना विचारा, एचएमओ म्हणजे काय ते लगेच सांगतील. वेगवेगळ्या घरांतली माणसं एकाच घरात किचन-बाथरूम शेअर करून राहतात ते घर. स्कॉटलंडनं २००० साली याला लायसन्स सक्तीचं केलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९९९ मध्ये, ग्लासगोत तळघरातल्या एका फ्लॅटला आग लागून दोन विद्यार्थी गेले होते, खिडक्यांना गज होते म्हणून बाहेर पडता आलं नाही. हे वाचल्यापासून मला ते गॅलरीचं कुलूप आठवत राहतं. इंग्लंडमध्ये २००४ चा हाउसिंग ॲक्ट आला, २००६ पासून लायसन्स सुरू झालं, पण सुरुवातीला फक्त तीन मजली किंवा त्याहून उंच घरांना, पाच किंवा जास्त माणसं असतील तर. साहजिकच दोन मजली घरात सात-सात माणसं कोंबली जायला लागली. मग २०१८ च्या ऑक्टोबरपासून मजल्याची अट काढून टाकली, आणि झोपायच्या खोलीचं किमान माप ठरवलं, एका मोठ्या माणसाला ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२.

हे ऐकून आपल्याकडचे लोक लगेच म्हणतात तिकडचं सोडा, तिकडे नियम पाळतात. अजिबात पाळत नाहीत. २०२३ च्या मार्चमध्ये पूर्व लंडनच्या शॅडवेलमध्ये एका फ्लॅटला आग लागली, ई-बाइकच्या लिथियम बॅटरीमुळे, त्यात एक बांगलादेशी माणूस गेला. त्या फ्लॅटला लायसन्स होतं बरं का. तीन जणांचं. राहत होते डझनापेक्षा जास्त. म्हणजे नुसता कागद भिंतीवर टांगून काही होत नाही हे मलाही मान्य आहे. पण त्या कागदावर 'तीन' हा आकडा होता म्हणून मालकांना कोर्टात उभं करता आलं. आपल्याकडे अकरा कॉटच्या फ्लॅटवर उद्या खटला भरायचा झाला तर कशावर भरणार? अकरा जास्त आहेत हे ठरवायला आधी कुणीतरी सहा म्हणून लिहून ठेवायला पाहिजे ना.

इंग्लंडच्या कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र मापाची नाहीये, पैशांची आहे. लायसन्स नसताना मालकानं घर चालवलं तर राहणारा माणूस ट्रायब्युनलकडे जाऊन भाडं परत मागू शकतो, बारा महिन्यांपर्यंतचं, आणि २०२५ च्या नव्या कायद्यानं ती मर्यादा २४ महिन्यांवर नेलीय. म्हणजे इन्स्पेक्टर येईल की नाही, आला तर विकला जाईल की नाही, याच्यावर सगळं अवलंबून नाही. घरात राहणारा प्रत्येक जण इन्स्पेक्टर आहे आणि त्याला त्यात स्वतःचा फायदा आहे. आपल्याकडे भाडे कायद्याखाली सक्षम प्राधिकारी नावाची व्यवस्था आहे, मालकाला करार संपल्यावर जागा खाली करून घ्यायला तिथे लवकर दाद मिळते. तीच व्यवस्था राहणाऱ्याला भाडं परत मिळवून द्यायला वापरायची म्हटलं तर नवीन ऑफिस उघडायची गरज नाही, कायद्यात दुरुस्ती लागेल एवढंच. पुरावा कुठून आणणार असं विचाराल तर पोरं दर महिन्याला फोनपे-जीपे करतात, सगळं मोबाईलमध्ये पडलेलं असतं. रोखीनंच द्या म्हणणारे मालक आहेतच, आणि ते तसं का म्हणतात हे सगळ्यांना कळतं.

आता आपल्या देशात हा प्रयोग झालाच नाही असं नाही. झालाय, आणि तो कसा फसला हे जास्त शिकण्यासारखं आहे. चंदीगडमध्ये पीजीसाठी पॉलिसी होती, आणि कागदावर चांगली होती. घर किमान साडेसात मरल्याचं पाहिजे (मरला हे तिकडचं जागेचं माप), मालक त्याच घरात राहिला पाहिजे, माणशी पन्नास चौरस फूट, पाच जणांत एक संडास. आणि २२ फेब्रुवारी २०२० ला सेक्टर ३२ मधल्या एका पीजीला आग लागली आणि तीन मुली गेल्या. ते पीजी नोंदणी नसलेलं होतं. तिथले बहुतेक पीजी तसेच होते, कारण कॉलेजच्या आसपास साडेसात मरल्याचं घर आणि त्यात स्वतः राहणारा मालक ही जोडी मिळणार किती? ज्यांच्याकडे छोटी घरं होती त्यांनी पीजी बंद केले का? छे. त्यांनी फक्त अर्ज केले नाहीत. जो नियम निम्म्या लोकांना पाळताच येत नाही तो नियम त्यांना सुधारत नसतो, लपवायला शिकवतो, आणि लपवणाऱ्याकडून महिन्याला पाकीट घ्यायला कुणीतरी तयारच असतो.

बंगळुरूनं २०२४ मध्ये तेच वेगळ्या तऱ्हेनं केलं. जुलैत कोरमंगलाच्या एका पीजीत घुसून तरुणीचा खून झाला, देशभर बातमी गाजली, आणि ऑगस्टमध्ये महापालिकेनं नियमावली काढली. माणशी ७० चौरस फूट, माणशी १३५ लिटर पाणी, सीसीटीव्ही आणि त्याचं ९० दिवसांचं रेकॉर्डिंग, जेवण देत असाल तर एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेचं लायसन्स. यातलं एकेक वाचायला बरं वाटतं. पण ७० फुटांचा अर्थ पुण्याच्या भाषेत काय होतो ते करून बघा. दहा बाय बाराची खोली, १२० चौरस फूट, आज त्यात चार कॉट. सत्तरच्या हिशोबानं त्यात एक माणूस राहील. तीन हजारात मिळणारी जागा बारा हजाराला, आणि ज्याचे वडील गावाकडे सोयाबीन विकून महिन्याला सहा-सात हजार पाठवतात तो पोरगा बारा हजार कुठून आणणार? तो नियमातल्या खोलीत राहणारच नाही. तो आणखी आतल्या गल्लीत, आणखी वाईट खोलीत, लपवून ठेवलेल्या कॉटवर जाईल.

म्हणून पोरं जेव्हा म्हणतात की लायसन्सनं भाडं वाढेल, तेव्हा त्यांना उडवून लावू नका. वाढेल. किती वाढेल हे नियम कसा लिहिता त्यावर आहे. त्याच १२० फुटांच्या खोलीत माणशी ४० फूट धरले तर तीन कॉट बसतात, तीन हजारांचे चार हजार होतात. हजार रुपये त्या पोराला छोटे नाहीत हे मला माहितीये, मेसच्या खर्चाचा मोठा भाग आहे तो. पण एक कॉट गेली की खोलीत चालायला वाट होते, दार पूर्ण उघडतं, चौथा चार्जर-चौथा लॅपटॉप त्या एका बोर्डावरून कमी होतो. माझ्या मते सुरुवात ४० पासून करावी आणि मापावर फार डोकं न लावता आगीवर लावावं, कारण कोंदट खोलीत माणूस वैतागतो, पण बंद ग्रिलमागे अडकलेला माणूस मरतो. दोन्ही वाईट आहेत, पण एकाच वेळी सगळं सुधारायला गेलं तर काहीच होत नाही हे आपण चंदीगडला बघितलंय.

मग नेमकं काय मागायचं? माझ्या डोक्यात आहे ते फार लांबलचक नाही. एकमेकांच्या नात्यात नसलेली पाच किंवा जास्त माणसं भाड्यानं राहत असतील ती जागा नोंदवायची. बाहेर पडायच्या वाटेला रात्री-बेरात्री कुलूप नको, ग्रिल असेल तर आतून उघडणारी, किल्ली आत. जिना आणि पॅसेज मोकळा, बाइकी मीटरपासून लांब. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं वायरिंगबद्दलचं पत्र, आणि बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, बसवलेला. सहा-सात जणांत एक संडास. आणि दाराबाहेर एक पाटी, या जागेत इतक्या कॉटला परवानगी आहे. बस. ती पाटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती शेजारच्या काकूही वाचू शकतात, डबेवालाही वाचू शकतो आणि पोरीला सोडायला आलेला बापही वाचू शकतो, आणि पाटीवर सात आणि आत अकरा हे मोजायला कुणाला सिव्हिल इंजिनिअर व्हावं लागत नाही.

अर्ज ऑनलाइन, मालकानं स्वतःच लिहून द्यायचं, फोटो जोडायचे, फी कॉटमागे वर्षाला शंभर रुपये वगैरे. दहा-बारा कॉटपर्यंत आधी इन्स्पेक्शन नको. अर्ज केला की त्याच दिवशी नंबर मिळाला पाहिजे. इन्स्पेक्शन नंतर करा, तक्रार आली तर करा, चिठ्ठ्या टाकून शंभरातल्या दोन-तीन जागा बघा. त्याहून मोठे, म्हणजे अख्खी बिल्डिंग पीजी म्हणून चालवणारे, त्यांना मात्र आधी तपासणी आणि मगच परवानगी, कारण तो सरळसरळ हॉस्टेलचा धंदा आहे, त्यात गरीब बिचारा मालक वगैरे काही नसतं. आणि सगळी यादी वेबसाइटवर उघडी. कुठल्या जागेला किती कॉट, कधी तपासणी झाली, काय सापडलं. राहणाऱ्यांची नावं मात्र त्या यादीत कुठेही नकोत, विशेषतः मुलींच्या जागांचा नुसता नंबर टाकला की पत्ता दिसायला नको, नाहीतर भलत्याच लोकांची सोय व्हायची.

इथे कुणीतरी हप्त्याचा मुद्दा काढणारच. काढायलाच पाहिजे. क्षेत्रीय कार्यालयातला माणूस येणार, इकडे तिकडे बघणार, "बघा, करून टाकू" म्हणणार. पण हप्ता आज नाहीये असं कुणाला वाटतंय? आज प्रत्येक कॉट बेसिसवाला कुठल्या ना कुठल्या नियमाबाहेर आहे, कुणी करार केला नाही, कुणी पार्टिशन विनापरवाना टाकलं, कुणी टॅक्स लपवला, त्यामुळे ज्याला दाबायचं त्याला आजही दाबता येतं. अर्ज केल्या केल्या नंबर मिळत असेल आणि अटी पाचच असतील तर साहेबाच्या हातात अडवायला काय उरतं? अटी पन्नास असल्या की उरतं. म्हणून मी अटी वाढवायच्या विरोधात आहे, अगदी चांगल्या असल्या तरी. सीसीटीव्ही, बायोमेट्रिक, आरओचं पाणी, हे सगळं ज्याला द्यायचंय त्याने द्यावं आणि जाहिरातीत लिहावं.

आता मालकांची बाजू, कारण त्यांना नुसतं शिव्या घालून चालणार नाही. मालक लपवतो का? लोभ आहेच, पण आपण त्याला लपवायला बक्षीस देतोय हेही आहे. पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराला प्रॉपर्टी टॅक्समध्ये ४० टक्क्यांची सवलत आहे, भाड्यानं दिलं की ती जाते. सोसायटीत भाडेकरू ठेवला की नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, सर्व्हिस चार्जच्या दहा टक्क्यांपर्यंत. शिवाय बॅचलर नकोत म्हणून सेक्रेटरीची कटकट. त्यात उद्या कुणीतरी म्हणालं की हा तर कमर्शियल वापर, तर टॅक्स आणि लाइटबिल दोन्ही त्या दरानं. म्हणजे जो मालक प्रामाणिकपणे पुढे येऊन सांगेल की माझ्याकडे आठ पोरं राहतात, त्याच्या गळ्यात हे सगळं पडणार, आणि जो गप्प बसेल तो सवलतही खाणार. अशा वेळी कोण अर्ज करेल? जीएसटीच्या बाबतीत केंद्रानं हे बरं केलं, २०२४ च्या जूनमध्ये कौन्सिलनं ठरवलं की माणशी महिन्याला वीस हजारांपर्यंतचं आणि सलग ९० दिवस राहणाऱ्यांसाठीचं हॉस्टेल-पीजीचं भाडं करमुक्त, एका ओळीत विषय मिटला. तसंच महापालिकेनं करावं. नोंदणी केलेल्या दहा-बारा कॉटपर्यंतच्या जागेला घरगुतीच दर, आणि सवलत गेली तरी मागची थकबाकी काढून नोटीस पाठवायची नाही. नोंदणी नसेल तर कमर्शियल दर. मग बघा किती जण रांगेत उभे राहतात.

पेठेत आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, काका गेल्यावर वरच्या मजल्यावर सहा मुली ठेवल्यात, पेन्शन नाही, त्याच भाड्यावर घर चालतं. त्यांना मी हे सगळं सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "ऑफिसात किती वेळा जावं लागेल?" दुसरा प्रश्न, "टॅक्स वाढेल का?" आगीबद्दल, ग्रिलबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं, किल्ली आतच लटकवलेली असते त्यांच्याकडे. नियम लिहिणाऱ्यांनी असा मालक डोळ्यासमोर ठेवून लिहावा आणि बाणेरच्या काकांसारखा डोळ्यासमोर ठेवून दंड ठरवावा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, नियम लिहिताना सगळे बदमाश धरतात आणि दंड करायची वेळ आली की सगळे बिचारे.

आणखी एक गोष्ट राहिली आणि ती लायसन्सच्या प्रत्येक चर्चेत राहतेच. जागा नियमात बसली नाही तर पुढे काय? आपल्याकडे उत्तर एकच, सील. दिल्लीत २७ जुलै २०२४ ला ओल्ड राजिंदर नगरच्या कोचिंगच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले, आणि पुढच्या काही दिवसांत महापालिकेनं धडाधड बेसमेंट सील केले. ज्या विद्यार्थ्यांसाठी हे चाललं होतं त्यांच्याच अभ्यासाच्या जागा गेल्या. कॉट बेसिसमध्ये हे केलं तर संध्याकाळी सहाला अकरा पोरं सामान घेऊन रस्त्यावर, डिपॉझिट मालकाकडे अडकलेलं, आणि पुढच्या रविवारी पूर्व परीक्षा. अशानं पुढच्या वेळी तक्रार कोण करेल? कुणीही नाही, उलट तपासणीला कुणी आलंच तर पोरंच सांगतील की आम्ही चुलतभाऊ आहोत. इंग्लंडच्या कायद्यात एक बारीक पण हुशार गोष्ट होती, घराला लायसन्स नसेल तर मालकाला विनाकारण घर खाली करायची जी नोटीस देता यायची ती देताच येत नव्हती. चूक मालकाची तर राहणाऱ्याचा मुक्काम पक्का. आपल्या नियमात हे पहिल्या पानावर पाहिजे, की नोंदणी नसलेल्या जागेतल्या माणसाला नोंदणी नाही या कारणानं काढता येणार नाही, मालकाला दुरुस्तीला महिना-दोन महिने मुदत, तेवढ्या काळात भाडं निम्मं, आणि जीवाला धोका म्हणून जागा खरंच लगेच बंद करावी लागली तर डिपॉझिट आणि त्या महिन्याचं भाडं त्याच दिवशी परत.

हे सगळं इतकं अवघड आहे का? नाहीये. होत नाही त्याचं कारण मला तरी साधं दिसतं. कॉटवर राहणाऱ्या पोराचं मतदान गेवराईला नाहीतर पुसदला असतं, मालकाचं मतदान इथे, वॉर्डात. परीक्षा लांबली की शास्त्री रोडवर हजारो पोरं बसतात तेव्हा सगळ्या पक्षांचे नेते भेटायला येतात, फोटो निघतात, पण त्या आंदोलनाच्या मागण्यांत खोलीची मागणी कधी नसते. पोरांनाही वाटतं की आपण इथे दोन वर्षांसाठी आलोय, पोस्ट निघाली की चाललो, कशाला मालकाशी वैर घ्या. त्यांचं बरोबर आहे, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण त्यांच्यापैकीच दरवर्षी काही जण मुख्याधिकारी होतात, काही उपजिल्हाधिकारी होतात, काही महापालिकांत उपायुक्त म्हणून येतात. त्यांनी तो वितळलेला बोर्ड आणि ते कुलूप दोन्ही बघितलेलं असतं, नियमाचा मसुदा लिहायला त्यांच्याइतका माहितगार माणूस मंत्रालयात दुसरा सापडणार नाही. त्यांच्यातल्या एखाद्यानं जरी फाइल पुढे सरकवली तरी काम सुरू होईल, आणि तोपर्यंत सध्या कॉट शोधत असाल तर भाडं किती हे विचारायच्या आधी गॅलरीची किल्ली कुठे असते ते विचारा.